हेडाऊ सरांचे पडलेले तास

नागपुरातल्या आमच्या विधी महाविद्यालयाची स्मरणिका निघायची आहे. तिच्यात 'प्राध्यापक ज्ञानविनिमय मंच' या उपक्रमावर अर्धं पान लिहून द्या, असं प्राचार्यांनी कळवलं. मी दिलं. 'अध्यापकांनी आपलं संशोधन आणि शिकवण्यातले प्रयोग एकमेकांसमोर मांडावेत, या हेतूने डॉ. मुळे यांच्या प्रेरणेतून हा मंच सुरू झाला,' हे त्यातलं पहिलं वाक्य. ते खोटं आहे. हे मला माहीत आहे, डॉ. मुळ्यांना माहीत आहे आणि उमरेडला राहणाऱ्या एका निवृत्त माणसाला माहीत आहे. तिघांपैकी कोणीही त्याबद्दल काही बोलणार नाही.

तो निवृत्त माणूस म्हणजे हेडाऊ सर.

सर पुराव्याचा कायदा शिकवायचे. बुटके, सडपातळ, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. सक्करदऱ्याहून एका जुन्या स्कूटरवर यायचे. ती बंद पडली की तिच्यावर न चिडता तिला ढकलत यायचे आणि तरी तासाला वेळेवर पोचायचे. खांद्याला जाड सुती पिशवी, वडिलांनी विणलेली. घर मूळचं उमरेडचं, विणकरांचं. वडील मागावर बसत. सरांच्या पिढीत माग बंद पडले. एक भाऊ कोळसा खाणीत गेला, एकानं किराणा टाकला आणि हे वकिलीत आले. मागाशी त्यांचं नातं उरलं होतं ते एवढंच की, कोणाच्याही अंगावरचं कापड दिसलं की त्यांची बोटं वळवळायची.

त्यापायी त्यांनी एक मोठं नुकसान करून घेतलं. महाविद्यालयाच्या एका समारंभात तेव्हाच्या प्राचार्य मॅडम नवी साडी नेसून आल्या होत्या आणि ती अस्सल हातमागाची आहे, खास विणून घेतली आहे, असं पाहुण्यांना सांगत होत्या. सर शेजारीच उभे होते. ते वाकले, पदराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि मनापासून हळहळून म्हणाले, "मॅडम, हे पॉवरलूमचं आहे. फसवलं तुम्हाला."

पाहुणे हसले. मॅडमही हसल्या. पण त्या दिवसापासून सरांची एकही रजा पहिल्या अर्जात मंजूर झाली नाही.

सरांना हे कळायचंच नाही. कोणाला वाईट वाटेल म्हणून खरं गिळायचं असतं, हा भाग त्यांच्यात नव्हताच. स्टाफरूममध्ये कोणी कोणाविषयी काही सांगू लागलं की पेपरातून मान न काढता ते विचारायचे, "तुम्ही पाहिलं का?" सांगणारा म्हणायचा, नाही, पण अमक्यानं सांगितलं. सर म्हणायचे, "मग त्यालेच येऊ द्या." गप्पांचा रंग तिथेच उडायचा. लोक त्यांच्यासमोर बोलेनासे झाले. मुलांना मात्र ते पहिल्या दिवसापासून 'वकीलसाहेब' म्हणायचे. मागच्या बाकावर झोपलेल्या मुलाच्या डोक्याशी उभं राहून "वकीलसाहेब, तुमचा अशील फासावर चालला" असं ते इतक्या शांतपणे सांगायचे की तो मुलगा उरलेलं वर्षभर झोपायचा नाही.

मी लागले तेव्हा कंत्राटावर होते. कुहीजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याघरची. नागपुरात शिकताना मी माझी बोली धुऊन टाकली होती. 'मला', 'तुला', 'करते आहे' असं जपून बोलायचे. एके दिवशी स्टाफरूममध्ये आईचा फोन आला. "आई, मले आता वेळ नाही, मी शिकवून राहिली ना," असं मी दबक्या आवाजात म्हणाले आणि फोन ठेवला. समोर हेडाऊ सर चष्म्यावरून पाहत होते.

"कोणत्या गावची वं तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मग इतके दिवस त्या पुण्याच्या बाईसारखी काहून बोलून राहिली होती? मले वाटे, तुले सर्दी झाली."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'वं' झाले, आमच्याकडे घरच्या पोरीबाळींना म्हणतात तसं. त्या इमारतीत मला तसं हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आज जिला मंच म्हणतात ती शनिवारची बैठक त्यांनीच सुरू केली होती. शनिवारी तास संपले की वरच्या मजल्यावरच्या अकरा नंबरच्या खोलीत बसायचं. कोपऱ्यावरून आणलेले, झणझणीत रस्सा ओतलेले तर्री पोहे मध्ये ठेवायचे. आम्ही तिघंच असायचो. सर, मी आणि संविधान शिकवणारे पांडे सर. कोणी काय वाचलं, कोण कशावर लिहितंय, ते सांगायचं. पण त्याआधी एक नियम होता. प्रत्येकानं त्या आठवड्यातला आपला पडलेला तास सांगायचा. चांगला झालेला तास सांगायला बंदी.

"चांगला तास मुलांमुळं होते," सर म्हणायचे. "पडलेला तास आपला स्वतःचा असते. तोच मांडा."

पहिल्या शनिवारी मी रडकुंडीला आले होते. कराराच्या कायद्यातलं 'प्रतिफल' शिकवताना अख्खा वर्ग जांभया देत होता. कराराला दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं लागतं, एवढी साधी गोष्ट मला पोचवता आली नव्हती. सरांनी पोह्यांवरची तर्री संपवली, बोटं पुसली आणि म्हणाले, "सोमवारी दोन वांगे घेऊन जा. एक एका पोराले फुकट दे. दुसरं दुसऱ्याले एक रुपयाले वीक. मग दोन्ही वांगे सुरीनं काप. दोन्ही किडके निघाले पाहिजे, तसेच निवडून ने. आणि मग विचार, आता माझ्याशी भांडायचा हक्क कोणाले आहे?"

मी नेली वांगी. त्या तासाला मुलं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. घंटा झाल्याचं कोणाला कळलं नाही. पुढच्या शनिवारी मी उत्साहानं ते सांगायला लागले, तर सरांनी हात वर केला. "चांगला झालेला नाही सांगायचा."

त्यांचा स्वतःचा मोठा प्रयोग होता तो पाकिटांचा. सत्राच्या सुरुवातीला एका तासाच्या मधेच कार्यालयातला शिपाई वर्गात घुसायचा, सरांशी जोरजोरात भांडायचा, त्यांची पिशवी हिसकावून निघून जायचा. मुलं हबकायची. सर शांतपणे खडू उचलायचे. "वकीलसाहेब, जे पाहिलं ते लिहा. घरी जसे बोलता तसं लिहा. पुस्तकातली मराठी नको." ते कागद पाकिटात बंद व्हायचे. तीन महिन्यांनी त्याच मुलांची साक्ष आणि उलटतपासणी व्हायची आणि मग पाकिटं फुटायची. शर्टाचा रंग बदललेला असायचा. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात गेलेली असायची. एका वर्षी एका मुलीनं शपथेवर सांगितलं की शिपायानं सरांना मारलं. पाकिटात तिनंच लिहिलं होतं, 'हात लावला नाही'.

पण त्यांचा खरा जीव पुढच्या टप्प्यात होता. एकाचं वऱ्हाडी वळणाचं निवेदन दुसऱ्यानं शुद्ध मराठीत लिहायचं, तिसऱ्यानं त्याचं इंग्रजी करायचं आणि ते इंग्रजी मूळ साक्षीदारापुढे पुन्हा मराठीत वाचायचं. "हे मी म्हटलंच नाही," असं मुलं ओरडायची. सर दरवर्षी ते सगळे बदल एका वहीत टिपून ठेवायचे. अशा चौदा-पंधरा वह्या त्यांच्याकडे होत्या. हे छापा, असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "अजून एक माणूस बाकी आहे. त्याले विचारल्याशिवाय नाही."

तो माणूस कोण, ते एका शनिवारी कळलं. पांडे सरांनी आपला पडलेला तास सांगितला, मी माझा सांगितला. हेडाऊ सरांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि म्हणाले, "माझा आज जुना आहे. तास म्हणता येत नाही त्याले."

ते तरुणपणी एका वकिलाकडे उमेदवारी करत होते. गावातल्या भांडणात एक माणूस मेला होता आणि भांडण सोडवायला गेलेल्या एका तरुणाला त्यात शिक्षा झाली होती. त्याच्या बहिणीनं साक्षीत सांगितलं होतं, "माझा भाऊ भांडण सोडवून राहिला होता."

आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे. जेवण संपलेलं नसतं. बहिणीला म्हणायचं होतं की तो सोडवत होता, दोन्ही हात भांडणाऱ्यांना धरण्यात गुंतले होते, तेवढ्यात वार झाला. अपिलासाठी त्या साक्षीचं इंग्रजी करायचं काम सरांकडे आलं. त्यांनी लिहिलं, भांडण सोडवल्यावर माझा भाऊ तिथेच राहिला.

"म्हणजे भांडण मिटलं, सगळे गेले आणि हाच एकटा मेलेल्या माणसाजवळ राहिला," सर म्हणाले. "निकालात तेच वाक्य आलं. सख्खी बहीणच म्हणते की हा तिथं थांबला होता. अपील गेलं."

पांडे सर म्हणाले, "पर आप तो यहीं के हैं। आपको तो मालूम था।"

"म्हणून तर. माझी माय दिवसभर तसंच बोले. पण मी शिकलो होतो ना. हातात पेन आलं की मी उमरेडचा राहतच नव्हतो. सीनियर म्हणाले, एका वाक्यानं अपील ठरत नाही. खरंही असेल ते. मले कधीच कळणार नाही."

त्यानंतर त्यांनी वकिली सोडली होती. जिना उतरताना त्यांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून मला दाखवला. त्या भाषांतराची प्रत. वर बहिणीचं नाव, गावाचं नाव, खाली अनुवादक म्हणून त्यांची सही. गाव माझ्या गावापासून दोन कोसांवरचं होतं. "तो सुटून आला," सर म्हणाले. "धान लावते, पोरीचं लग्न केलं. गावात आता कोणी ती गोष्ट काढत नाही. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. त्याले विचारीन आणि मगच छापीन. तोवर कोणाले सांगू नको वं."

मी म्हणाले, नाही सांगणार.

पुढे पांडे सर भोपाळला गेले आणि तिकडेच वारले. त्यांच्या जागी डॉ. अभिजित मुळे आले.

मुळे वाईट माणूस आहे असं मला लिहिता आलं तर बरं झालं असतं. ते हुशार आहेत, मेहनती आहेत, कोणाशी आवाज चढवून बोलत नाहीत. शनिवारच्या बैठकीला ते पहिल्या आठवड्यापासून यायला लागले. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. हेडाऊ सर खूश झाले. इतक्या वर्षांनी कोणीतरी नवीन माणूस लिहून घेत होता! सरांनी त्यांना पाकिटांचा प्रयोग सांगितला, वह्या उघडून दाखवल्या, त्या बहिणीचं वाक्यही सांगितलं. भाषांतर कोणी केलं होतं, एवढं मात्र सांगितलं नाही. "एका शिकाऊ पोरानं केलं होतं," म्हणाले. मुळे टाइप करत राहिले. "फार सुंदर, सर," म्हणाले.

दोन वर्षांनी आमच्याकडे कायद्याच्या अध्यापनावर राष्ट्रीय परिसंवाद झाला. हेडाऊ सरांना पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं काम दिलं होतं. ते सकाळपासून धावपळ करून तिसऱ्या सत्राला सभागृहात आले आणि माझ्या शेजारी बसले. व्यासपीठावर मुळे उभे राहिले. पडद्यावर पाकिटाचं चित्र आलं.

पुढची वीस मिनिटं मी सरांकडे पाहिलं नाही. नाटकी भांडण, बंद निवेदनं, तीन महिन्यांनी उलटतपासणी, बोलीतून इंग्रजी, इंग्रजीतून परत. सगळं नीट मांडलं होतं, सरांना कधी जमलं नसतं इतकं नीट. मुळे 'मी' म्हणत होते. 'मी विकसित केलेली पद्धत.' शेवटी ते वाक्य पडद्यावर आलं. माझा भाऊ भांडण सोडवून राहिला होता. सभागृहात चुकचुकण्याचा आवाज झाला.

"एका निष्काळजी अनुवादकामुळे एका निरपराध माणसाचं आयुष्य गेलं," मुळे म्हणाले. "ज्याला आपल्याच मातीची भाषा कळत नाही, अशा माणसाच्या हाती आपण लेखणी देतो."

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी सरही टाळ्या वाजवत होते. दोन-तीन वेळा हात एकमेकांवर आले आणि मग मांडीवर जाऊन पडले.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा त्यांनी हात वर केला. माईक त्यांच्याकडे आला.

"सर, यातली बाई कोणत्या गावची?"

"नाव आपण गोपनीय ठेवलं आहे," मुळे म्हणाले.

"नाव नाही विचारलं. गाव विचारलं."

मुळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. "भंडाऱ्याकडची."

"धन्यवाद," म्हणून सर खाली बसले. माईक पुढे गेला. गाव भंडाऱ्याकडचं नव्हतं, आमच्या कुहीकडचं होतं. त्या सभागृहात दोनच माणसांना कळलं होतं की काय झालं. एक ते आणि दुसरी मी.

तक्रार करा, असं मीच त्यांना म्हणाले. हे मला नोंदवून ठेवलं पाहिजे. ते तयार नव्हते. मी म्हणाले, "सर, मी आहे ना. मी सांगीन." तेव्हा त्यांनी एक पानाचं पत्र लिहिलं. मी ते वाचलं होतं. 'ही पद्धत मी या महाविद्यालयातील बैठकीत डॉ. मुळे येण्यापूर्वीपासून मांडत आलो आहे. माझे नाव घातले नाही तरी चालेल. मात्र सांगणाऱ्याने हे आपण ऐकलेले आहे, एवढे म्हणावे.' यापलीकडे मागणी नव्हती.

चौकशीला तीन जणांची समिती बसली. अध्यक्ष प्राचार्य मॅडम. विद्यार्थ्यांना आणि शिपायाला साक्षीला बोलवायचं नाही, असं समितीनं आधीच ठरवलं.

आदल्या दिवशी पार्किंगमध्ये मुळे भेटले. माझ्या कायम नेमणुकीची फाईल तेव्हा वर्षभर व्यवस्थापनाकडे पडून होती. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुमची फाईल या महिन्यात हलेल. मी स्वतः पाठपुरावा करतोय." चौकशीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. गाडीचं दार माझ्यासाठी धरून उभे राहिले.

समितीसमोर सर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दोन्ही हात पिशवीवर.

"लेखी काही आहे का?" मॅडमनी विचारलं.

"वह्या आहेत."

"त्यांवर तारखा?"

"नाहीत."

"विद्यार्थ्यांची पाकिटं?"

"ती वर्ष संपलं की ज्याची त्याला परत देतो."

"ईमेल वगैरे?"

"मी ईमेल करत नाही मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "सर, तुम्ही पुराव्याचा कायदा शिकवता ना?"

एक सदस्य हसला. सर म्हणाले, "तोंडी साक्ष हासुद्धा पुरावाच असतो," आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या पिशवीत काय आहे, ते मला माहीत होतं. तो पिवळा कागद टेबलावर ठेवला असता, तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. त्यावर त्यांची सही होती आणि मुळे तेव्हा शाळेत असतील. पण त्याच कागदावर त्या बहिणीचं नाव होतं, भावाचं होतं, गावाचं होतं. तीन प्रती निघाल्या असत्या, फाईलला लागल्या असत्या आणि तालुक्यात पोचल्या असत्या. सरांचे हात पिशवीवरून हलले नाहीत. त्यांनी तो कागद काढला नाही, कारण मी होते.

मॅडमनी मला विचारलं, "डॉ. मुळे रुजू होण्याआधी ही पद्धत हेडाऊ सरांनी तुमच्यासमोर मांडली होती का?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. मग म्हणाले, "शनिवारी आम्ही सगळेच मोकळेपणानं चर्चा करत असू. कोणती कल्पना मूळ कोणाची, हे आता नेमकं सांगता येणार नाही."

वाक्य शुद्ध होतं. मी ते घरी, मनीषनगरच्या फ्लॅटच्या आरशासमोर, तीनदा म्हणून पाहिलं होतं.

मॅडमनी लिहून घेतलं. सर उठले, खुर्ची नीट आत सरकवली. माझ्याजवळून जाताना थांबले आणि एखादा पेपर तपासून परत द्यावा तसं म्हणाले, "साक्ष चांगली झाली, मॅडम. उलटतपासणीत टिकेल."

ते मला पहिल्यांदाच मॅडम म्हणाले होते. नंतर कधी दुसरं काही म्हणाले नाहीत.

समितीनं निष्कर्ष काढला की ही कल्पना सामूहिक चर्चेतून आली आहे. मुळ्यांचा लेख एका ग्रंथात छापून आला. तळटीपेत सहकाऱ्यांचे आभार होते. त्यात सरांचं नाव 'हेडाव' असं छापलं होतं. माझं नाव अचूक होतं. माझी फाईल त्याच महिन्यात हलली.

मग शनिवारच्या बैठकीचा मंच झाला. महाविद्यालयाला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती बाहेरून यायची होती, तिला उपक्रम दाखवायला हवे होते. हजेरीपत्रक आलं, प्रतिसादाचा तक्ता आला, स्थळ-वेळ उमटलेले फोटो आले. सगळे जण आपापले यशस्वी प्रयोग पडद्यावर दाखवू लागले. हेडाऊ सर प्रत्येक शनिवारी यायचे, सही करायचे, शेवटच्या खुर्चीवर बसायचे. त्यांची पाळी आली की उभे राहून म्हणायचे, "माझे सगळे तास बरे झाले," आणि बसायचे. फोटोत ते दिसतात. पाकिटांचा प्रयोग त्यांनी बंद केला. शिपायानं मला एकदा विचारलं, "मॅडम, यंदा सरांची पिशवी हिसकायची नाही काय?" मी म्हणाले, "मला नाही माहीत."

मध्ये नवे फौजदारी कायदे आले. पुराव्याच्या कायद्याचंही नाव बदललं, कलमांचे आकडे बदलले. आयुष्यभर पाठ केलेले आकडे बाद झाल्यानं आम्ही सगळे गोंधळलो. एका सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर तीन-चार पानं होती. हातानं आखलेले रकाने, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, मधे कुठला शब्द बदलला त्याखाली रेघ. अक्षर हेडाऊ सरांचं. एक प्रत माझ्या टेबलावर होती. एक मुळ्यांच्याही. महिनाभरात तो तक्ता टाइप होऊन संकेतस्थळावर आला, 'ज्ञानविनिमय मंचाचे प्रकाशन' म्हणून. मी टाइप करून घेतला होता. मला सांगितलं होतं, मी करून घेतला.

एकदाच मी प्रयत्न केला. ते स्कूटर काढत होते. मी जाऊन उभी राहिले. "सर, मले तुमच्याशी बोलायचं आहे."

"बोला मॅडम."

"त्या दिवशी समितीसमोर..."

ते खरंच थांबले. स्कूटरचं हँडल धरून, मान थोडी तिरकी करून, साक्षीदाराला वेळ द्यावा तसे थांबले. घाई केली नाही, मदतही केली नाही. दोन मुलं नमस्कार करून गेली. मला वाक्य सापडेना. जे शुद्ध सुचत होतं ते खोटं होतं आणि दुसरं काही तोंडातून निघत नव्हतं.

"काही नाही सर," मी म्हणाले.

"बरं," म्हणून त्यांनी किक मारली.

निवृत्तीच्या महिनाभर आधी त्यांनी अर्ज दिला की निरोप समारंभ ठेवू नये. या एका अर्जाला पहिल्याच फटक्यात मंजुरी मिळाली. आता मुळे प्राचार्य आहेत. मी विभागप्रमुख आहे. सर सक्करदऱ्याचं घर सोडून उमरेडला गेले, एवढं कार्यालयातून कळलं. वह्यांचं काय केलं, त्या माणसाच्या दारात तिसऱ्यांदा गेले की नाही, मला माहीत नाही. विचारायला तोंड नाही.

शेवटचे दिसले ते त्यांच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला. मी कसल्यातरी सह्या घ्यायला वरच्या मजल्यावर गेले होते. त्यांच्या वर्गाचं दार उघडं होतं. सर टेबलाला टेकून उभे होते आणि बोलत होते. फळा कोरा होता. मुलं पुढे वाकून ऐकत होती, मागचा बाकसुद्धा. मी दाराशी उभी राहिले. कागद छातीशी धरून, आत न जाता.

त्यांनी मला पाहिलं. बोलणं न थांबवता ते दारापर्यंत चालत आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कॉरिडॉरमधला आवाज आत येत असला की मास्तर जसं दार लावतो, तसं त्यांनी दार लावलं. कडी न वाजवता, अलगद.

मी तिथेच उभी राहिले. आतून त्यांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं सगळी मुलं एकदम हसली. कशाला हसली, ते मला कधी कळलं नाही.